खर्ड्याची बदनामी कोणी केली?

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचं नाव लेखात आलं की एक आक्षेप ठरलेला असतो. गावाबद्दल चांगलं लिहा, जुनं उकरून काढू नका, तुमच्या लिहिण्याने गावाची बदनामी होते. हे बोलणारी माणसं गुंड नसतात. शिक्षक असतात, दुकानदार असतात, शेतकरी असतात. गावावर जीव असलेली माणसं असतात. म्हणून त्यांचं म्हणणं झटकून न टाकता पूर्ण ऐकून घ्यायला हवं, आणि ते का चुकीचं आहे तेही पूर्ण सांगायला हवं.

त्यांचं म्हणणं असं. खर्डा म्हटलं की माणसाला ११ मार्च १७९५ आठवला पाहिजे. सवाई माधवराव पेशव्यांच्या त्या मोहिमेत मराठी सरदार एकत्र आले. परशुरामभाऊ पटवर्धनांकडे सेनापतिपद होतं. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांच्या फौजा सोबत होत्या. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडून तह करायला लावलं. निंबाळकरांचा तो किल्ला आजही उभा आहे. २०२१ च्या दसऱ्याला, १५ ऑक्टोबरला, आमदार रोहित पवारांच्या पुढाकाराने तिथे ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्यध्वज फडकला. याच तालुक्यात अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव चौंडी. त्यांच्या नावावरून नगर जिल्हा अहिल्यानगर झाला, आणि ६ मे २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली. एवढं सांगण्यासारखं असताना दर वेळी २०१४ च का काढता?

२०१४ म्हणजे २८ एप्रिल २०१४. त्या दिवशी खर्ड्यातला नितीन आगे हा सतरा वर्षांचा दलित विद्यार्थी मारला गेला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या रागातून त्याला भरदिवसा शाळेतून मारहाण करत नेलं आणि जीव घेऊन झाडाला लटकवलं, असा आरोप ठेवून खटला उभा राहिला. महाराष्ट्रभर मोर्चे निघाले, नेत्यांच्या गाड्या गावात आल्या, कॅमेरे आले. साडेतीन वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०१७ ला, नगरच्या न्यायालयाने ज्यांच्यावर खटला चालला त्या सगळ्यांची निर्दोष मुक्तता केली. साक्षीला उभे राहिलेले अनेक जण फितूर झाले होते. सरकारने अपिलात जाण्याचं जाहीर केलं. गावात मात्र विषय संपल्यासारखा झाला, आणि तो संपलेलाच राहावा अशी सूचना तेव्हापासून लिहिणाऱ्याला मिळते.

पहिला युक्तिवाद न्यायालयाचा. कोर्टाने सोडलं, आता तुम्ही कोण बोलणारे? यातला अर्धा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. ज्यांना न्यायालयाने सोडलं त्यांना खुनी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, मलाही नाही, आणि या लेखात त्यांच्यापैकी कोणाचंही नाव येणार नाही. पण निर्दोष सुटण्याचा अर्थ एवढाच की या माणसांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. मुलगा गेला, हे त्या निकालाने बदलत नाही. हजारोंच्या वस्तीच्या, बाजारपेठेच्या गावात, वर्गात मुलं असताना, रस्त्यावर माणसं असताना एका विद्यार्थ्याचा जीव जातो आणि तो कोणी घेतला हे न्यायालयात शाबीत होत नाही. निकालाच्या दिवशी बातमी संपली असं ज्यांना वाटतं त्यांनी ती वाचलेलीच नाही. आधी जे सांगितलं ते साक्षीदार उभ्या कोर्टात का नाकारतात? ते कोणाला घाबरतात, कोणाचे मिंधे असतात, कोणाच्या शेतावर कामाला असतात, साक्ष देऊन संध्याकाळी ज्या गल्लीत परतायचं त्या गल्लीत काय वाट पाहत असतं? हे प्रश्न गावाचे आहेत, आणि त्यांची उत्तरं मुंबईहून येणारा बातमीदार दोन तासांत काढू शकत नाही. ती गावात राहणाऱ्यालाच ठाऊक असतात.

इथे त्याच नोव्हेंबर २०१७ मधली दुसरी तारीख सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा वाद प्रामाणिक होणार नाही. जामखेडला लागून कर्जत तालुका आहे. विधानसभेचा मतदारसंघही एकच, कर्जत-जामखेड. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत १३ जुलै २०१६ ला एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. नगरच्याच न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०१७ ला तिघांना दोषी ठरवलं आणि २९ नोव्हेंबरला फाशीची शिक्षा सुनावली. खर्ड्याचा निकाल या दोन तारखांच्या मधला. कोपर्डीनंतर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. ते निघायलाच हवे होते. त्या मुलीसाठी जेवढं बोललं गेलं ते कमीच होतं. पण कोपर्डीबद्दल लिहू नका, गावाची बदनामी होते, असं तेव्हा कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. कोणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला दारात उभं केलं नसतं. मग शेजारच्या तालुक्यातला मुलगा मेल्यावर बदनामीची चिंता का सुचते? दोन लेकरांच्या मरणाची तुलना मी करत नाही, कोणी करूही नये. तुलना दोन मरणांनंतर आपण जे बोललो त्याची आहे. एकीचं दुःख साऱ्या समाजाचं झालं. दुसऱ्याचं दुःख त्याच्या आईबापाच्या घरात राहिलं, आणि गावाच्या वाट्याला बदनामी आली असं गावाने ठरवलं.

या तक्रारीत गाव म्हणून कोण बोलतं, ते पाहा. ज्या घरातला मुलगा गेला ते घर खर्ड्याचंच. त्या वस्तीतली माणसं खर्ड्याचीच. मतदार यादीत आहेत, रेशनच्या यादीत आहेत, घरपट्टी भरतात. त्यांच्या मनात गावाची अब्रू कशाने गेली असेल? आपल्या मुलाबद्दल पेपरात लिहून आलं म्हणून, की आपल्या मुलाबद्दल कोर्टात कोणी बोललं नाही म्हणून? हा प्रश्न त्यांना कधी विचारलाच गेला नाही. गावाच्या नावाने निवेदन देणारे, बैठक घेणारे, पत्रकाराला समजावणारे नेहमी तेच असतात ज्यांना गाव स्वतःचं वाटण्याची सोय आधीपासून आहे. बदनामीची व्याख्या त्यांनी केलेली. त्या व्याख्येत मारणं कुठेच बसत नाही, लिहिणं तेवढं बसतं.

आता विरोधकांचा सगळ्यात मजबूत मुद्दा घेतो, कारण तो खरा आहे. ते म्हणतात, बाहेरचे लोक फक्त रक्त सांडलं की येतात. एरवी आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. बालाघाटच्या या दगडी माळावर पाऊस दगा देतो तेव्हा कोणी येत नाही, दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं ऊसतोडीला जातात तेव्हा कोणी येत नाही, आणि एक घटना घडली की ओबी व्हॅनच्या रांगा लागतात. गावाला एका दिवसावरून ओळखलं जातं. हे दुखणं मला समजतं. सोनई, खर्डा, जवखेडा, कोपर्डी ही आमच्या जिल्ह्यातली नावं महाराष्ट्राला फक्त गुन्ह्यांची नावं म्हणून ठाऊक आहेत. तिथे राहणाऱ्याला ते टोचणारच.

पण या दुखण्यावर कमी लिहिणं हा उपाय कसा होईल? गाव एका दिवसावरून ओळखलं जातं, कारण उरलेल्या दिवसांत तिथून बातमी निघतच नाही. निघतात त्या बघा. कोणाची तरी तालुका उपाध्यक्षपदी निवड. कोणाच्या वाढदिवसानिमित्त वह्यावाटप. भूमिपूजन, लोकार्पण, सत्कार, निवेदन. फोटोत दोन ओळींत उभी माणसं आणि खाली पंचवीस नावं. या बातम्या खोट्या नसतात. पण वर्षभर त्याच छापल्या तर वाचणाऱ्याला असं वाटेल की जामखेड तालुक्यात फक्त हार घातले जातात. मग एखाद्या एप्रिलमध्ये एक मुलगा मरतो आणि सगळा महाराष्ट्र विचारतो, हे अचानक कसं झालं? अचानक काहीच होत नाही. कोणत्या पाणवठ्यावर कोणाला थांबवलं गेलं, कोणत्या वरातीत काय वाजवू दिलं नाही, शाळेत कोणाला कोणाशेजारी बसू दिलं जात नाही, कोणत्या पोराला आधीच दोनदा दम दिला गेला होता, या कोणत्याही गावातल्या बारीक बातम्या. त्या छापून येत असत्या तर मोठी बातमी होण्याआधी कोणाला तरी मध्ये पडता आलं असतं. पोलीस पाटलाला, मुख्याध्यापकाला, शहाण्या शेजाऱ्याला.

या बारीक बातम्या का येत नाहीत, त्याचं कारण मी वार्ताहराच्या भित्रेपणात शोधणार नाही. ते कारण पैशात आहे, आणि ते उघड बोललं पाहिजे. गावोगावच्या बहुतेक वार्ताहरांना पगार नसतो. मानधन मिळालं तर ते पेट्रोलला पुरत नाही. त्याचं खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, पेपरचा वर्धापनदिन आणि नेत्यांचे वाढदिवस, या दिवसांच्या पुरवण्यांना जाहिरात आणायची, तिचा हिशेब कार्यालयाला द्यायचा, त्यातला टक्का स्वतःला. जाहिरात देणार कोण? सरपंच, पंचायत समितीचे सदस्य, पतसंस्थेचे चेअरमन, ठेकेदार, शिक्षण संस्थेचे पदाधिकारी, वाळू आणि खडीवाले. म्हणजे ज्यांच्याबद्दल बातमी लिहायची त्यांच्याकडेच दिवाळीला पावती फाडायची. आठ महिने त्यांच्या रस्त्याच्या कामाची खडी मोजणारा माणूस नवव्या महिन्यात त्यांच्या दारात जाऊ शकत नाही. तो मोजणं सोडतो. त्याला दोष देणाऱ्या संपादकाने आधी सांगावं की त्याला दरमहा किती देता.

आणि भीतीही खोटी नाही. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरला ६ फेब्रुवारी २०२३ ला पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. त्याच सकाळी त्यांची बातमी छापून आली होती. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. राज्यात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा २०१७ मध्येच विधिमंडळाने मंजूर केलेला होता. कायदा असूनही तालुक्याच्या ठिकाणी एकट्या दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाच्या मागे कोणी नसतं. त्यामुळे खर्ड्यात किंवा जामखेडात कोणी लिहिलं नाही म्हणून मी त्याला बोल लावणार नाही. बोल लावायचाच तर त्यांना, जे लिहू पाहणाऱ्याला घरी बोलावून चहा पाजतात आणि गावाच्या भल्यासाठी गप्प बसायला सांगतात.

दुसरा युक्तिवाद इतिहासाचा. लढाई आठवा, अभिमान बाळगा. बाळगूया. पण मग ती लढाई नीट आठवूया. १७९५ ची मोहीम आधी कागदावर तयार झाली. चौथ आणि सरदेशमुखीची थकबाकी, निजामाच्या दिवाणाची म्हणजे मुशीरुल्मुल्काची उर्मट भाषा, दरबारातलं राजकारण, फौजेची तयारी, हे सगळं नाना फडणवीसांपर्यंत पोचवत होते ते निजामाच्या दरबारातले पेशव्यांचे वकील गोविंदराव काळे. पुण्याच्या दरबाराला गोड लागेल तेवढंच लिहावं, असं त्यांनी ठरवलं असतं तर नानांच्या हातात काय आलं असतं? वकिलाचं कामच वाईट बातमी वेळेवर आणि खरी पाठवण्याचं. मराठी राज्याने देशभर वकील आणि अखबारनवीस पोसले ते स्तुतीसाठी नव्हे. खर्ड्याचा विजय ज्यांना मिरवायचा आहे त्यांनी हेही मिरवावं की त्यामागे पुण्याला अप्रिय वाटेल ते न लपवणारी पत्रं होती.

आणि त्या विजयानंतरचंही आठवूया. तहात निजामाने दौलताबादचा किल्ला, मुलूख आणि तीन कोटी रुपये कबूल केले, दिवाणाला ओलीस म्हणून मराठ्यांच्या हवाली केलं. आठ महिन्यांच्या आत, २७ ऑक्टोबर १७९५ ला, सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून मरण पावले. वारसाहक्काच्या भांडणात तोच दिवाण सुटून हैदराबादला परतला, मिळवलेलं बरंचसं हातचं गेलं. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, १८०३ मध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. खर्ड्याच्या मैदानापासून नगरच्या तटापर्यंत आठ वर्षं. विजयाची बातमी खरी होती, आणि पराभवाची कारणं त्या विजयाच्या आतच वाढत होती. ज्या गावाच्या नावाने हा इतिहास ओळखला जातो, त्या गावाने तरी फक्त विजयच सांगा असा आग्रह धरू नये. शाळेच्या सहली किल्ल्यावर येतात, मार्गदर्शक मुलांना ११ मार्च सांगतो. त्याने २७ ऑक्टोबरही सांगावा.

बाहेरच्यांनी आम्हाला शिकवू नये, असंही कोणी म्हणेल. ठीक. मग आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. नगर शहरातून १८४२ साली अमेरिकन मिशनऱ्यांचं ‘ज्ञानोदय’ निघालं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या नियतकालिकांपैकी ते एक. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट नेवासे तालुक्यातल्या तरवडीची. १९१० पासून मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक खेड्यातून चालवलं. ‘दीनबंधू’ सुरू करणारे कृष्णराव भालेकर हे त्यांचे वडील. सत्यशोधक चळवळीचा वारसा घरातला. छापखाना खेड्यात, मजकूर शेतकऱ्यांसाठी, भाषा शेतकऱ्यांची. भारतात खेड्यातून निघालेलं पहिलं वृत्तपत्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. मुकुंदरावांच्या मृत्यूपर्यंत, १९६७ पर्यंत, ते निघत राहिलं. सावकारी, भटशाही, व्यसनं, गावपाटलांची मनमानी, शिक्षणाचा अभाव, या सगळ्यावर मुकुंदरावांनी खेड्यात राहून लिहिलं. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यातच ते राहत होते. तरवडीची बदनामी झाली का? तरवडीचं नाव आज ज्या कारणासाठी घेतलं जातं ते कारण हेच साप्ताहिक आहे.

मुकुंदराव तरवडीत ‘दीनमित्र’ चालवत असताना डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढलं. ज्यांच्या बातम्या कोणाच्याच पानात बसत नव्हत्या, त्यांना स्वतःचं पान उभं करावं लागलं. शंभर वर्षांनंतर खर्ड्यातल्या मुलाची बातमी कोणाच्या पानात बसते हा प्रश्न आपण पुन्हा विचारतो आहोत, आणि उत्तरादाखल आपल्याला किल्ला दाखवला जातो.

‘चांगलं लिहा’ म्हणणाऱ्यांना मी जामखेडचंच एक चांगलं सांगतो, कारण या तालुक्याची जगात खरी ओळख कोणती असेल तर ती हीच. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. तेव्हा या भागात हजार मुलांमागे दीडशेहून जास्त मुलं वर्षाच्या आत दगावत होती. आरोळ्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय यांवर त्यांनी काम केलं. १९७९ मध्ये दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरातून डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले. हे काम सुरू कशाने झालं? मोजण्याने. कोणत्या घरात मूल दगावलं, कोणत्या गर्भार बाईला बघायला कोणी गेलं नाही, कोणत्या वस्तीला पाणी नाही, कुष्ठरोग्याला कोणी गावाबाहेर ठेवलं, हे एकेक घर फिरून लिहून काढावं लागलं. आमच्या गावात कुष्ठरोगी आहेत हे लिहू नका, सोयरिकी तुटतील, असं म्हणून वही बंद केली असती तर जामखेडचं नाव जगाच्या आरोग्यशास्त्रात गेलं नसतं. त्या दलित आरोग्यसेविकेला सवर्ण घरात पाय ठेवू द्यायला जी घरं आधी तयार नव्हती ती नंतर तिला बोलावू लागली. हा बदल जातीबद्दल गप्प बसून झाला नाही. तालुक्याचं सगळ्यात मोठं चांगलं काम सगळ्यात कडू नोंदींवर उभं आहे, आणि ‘चांगलं लिहा’ हा आग्रह नेमक्या त्या नोंदी पुसायला सांगतो.

सरकारनेही या गप्प बसण्याला हातभार लावला, हे नोंदवायला हवं. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील गृहमंत्री होते, हेतू स्वच्छ होता: बांधावरची, भाऊबंदकीची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं सडू नयेत, गावात मिटावीत. कितीतरी भांडणं मिटलीही. गंभीर गुन्हे त्यात येत नव्हते. पण बक्षीस ठेवलं तंटे मिटवण्याला आणि नवे तंटे न होण्याला. बक्षीस लागलं की गावाला तंटा लपवण्याची सवय लागते. ठाण्यात जायला निघालेल्या दलित बापाला वाटेत अडवून ‘गावाचं बक्षीस जाईल, बसून मिटवू’ म्हणायला आणखी एक सरकारी कारण मिळतं. बसून मिटवायला एका बाजूला सतरंजीवर कोण बसतं आणि दुसऱ्या बाजूला मातीत कोण बसतं हे कोणत्याही अहवालात येत नाही. या मोहिमेचा हिशेब मांडताना किती तंटे मिटले एवढंच मोजलं गेलं. मिटवलेल्या तंट्यानंतर कमजोर बाजूचं काय झालं, हे मोजायला हवं होतं.

तिसरा आणि शेवटचा युक्तिवाद वेळेचा. दहाहून जास्त वर्षं झाली, नवी पिढी आली, आता कशाला? नवी पिढी आली म्हणूनच. २०१४ मध्ये जी मुलं दुसरी-तिसरीत होती त्यांनी आज अठरावं वर्ष ओलांडलं आहे. नितीन गेला त्या वयाच्या पुढे गेली आहेत. ती एकमेकांशी मोबाइलवर बोलतात, एकाच बसमधून जामखेडला कॉलेजला जातात, एकमेकांवर जीव लावतात. त्यांच्यातल्या एखाद्या जोडीला उद्या धमकी आली तर त्यांनी कोणाकडे जायचं? शाळेत त्या दिवशी काय झालं आणि शाळेने त्यानंतर काय बदललं, हे त्यांना कोणी सांगितलं आहे का? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बदल होऊन २०१६ पासून पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण आलं. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, खटल्याच्या प्रगतीची माहिती, हे त्याचे हक्क आहेत. २०१७ मध्ये राज्याने साक्षीदार संरक्षणाचा वेगळा कायदाही केला. खर्ड्याच्या चौकात किती जणांना हे माहीत आहे? ही माहिती छापणं म्हणजे बदनामी असेल, तर मग अब्रू म्हणजे अज्ञान असं म्हणावं लागेल.

मी काय मागतो ते स्पष्ट सांगतो, म्हणजे वाद मोघम राहणार नाही. किल्ल्यावरचा ध्वज आणि चौंडीची जयंती जरूर छापा. त्यासोबत ग्रामसभेचं इतिवृत्त छापा: किती माणसं हजर होती, गणपूर्तीअभावी तहकूब झाली का, वित्त आयोगाचा निधी कुठे खर्च झाला, दलित वस्तीच्या रस्त्याचा ठराव किती वेळा झाला आणि रस्ता किती झाला. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने यातलं बरंचसं मागण्याआधीच जाहीर व्हायला हवं. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर आहे का, एवढं बघायला वार्ताहराला कोणाची परवानगी लागत नाही. ऊसतोडीला किती कोयते गेले, त्यांच्या मुलांची शाळा कुठे बुडाली, मुकादमाच्या उचलीपायी कोण अडकलं, परतताना कोण परतलं नाही, हे मार्च-एप्रिलमध्ये छापा. टँकर कोणत्या वाडीला आला आणि कोणत्या वस्तीच्या आधी रिकामा झाला, हे मे महिन्यात छापा. आणि दरवर्षी २८ एप्रिलला, पानाच्या कोपऱ्यात का होईना, एक बातमी द्या की त्या खटल्याचं अपील कुठवर आलं आहे. आरोपींबद्दल एक अक्षर न लिहिताही ती बातमी देता येते. वकिलाला फोन करायचा, तारीख विचारायची, लिहायची.

या बातम्या आल्या तर खर्डा वाईट गाव ठरणार नाही. ते महाराष्ट्रातल्या इतर गावांसारखंच, पण स्वतःकडे बघणारं गाव ठरेल. ज्यांना गावाची इतकी काळजी आहे त्यांनी एक करावं. दिवाळीला नेत्याच्या शुभेच्छांच्या जाहिरातीवर जो पैसा जातो, त्यातला काही वर्गणी करून एका वार्ताहराला वर्षभराचं मानधन द्यावं, आणि त्याला सांगावं की आमच्याबद्दलही लिही. ते मानधन किती असावं, गावाने द्यावं की पेपराने, त्याच्यावर देखरेख कोणाची, यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे. लिहू नका, हे मात्र मी ऐकणार नाही.